तारघराच्या एकोणीस पायऱ्या

डबल बेडची चादर एकटीला पिळता येत नाही. म्हणून एक टोक टायपिस्टबाईंनी धरलं होतं आणि दुसरं त्यांच्या सुनेनं. पहिला पीळ नीट बसला, पाणी बादलीत गळायला लागलं, आणि तेवढ्यात दाराची घंटी वाजली. टोक कोणीच सोडेना. "तू जा." "तुम्ही जा, आई, तुमच्याकडचंच कोणीतरी असणार." घंटी पुन्हा वाजली तेव्हा बाईंनी आपलं टोक सुनेच्या काखेत खोचलं आणि ओले हात पदराला पुसत दार उघडलं.

दारात घड्याळजी उभे होते. कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि त्याच दुकानाच्या माळ्यावर दर रविवारी भरणारं वाचकांचं मंडळ. एरवी हा माणूस दारात आला की आधी पंख्याखालची खुर्ची बघायचा. आज त्यांनी चप्पलही काढली नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक त्यांनी बाईंच्या हातावर ठेवलं.

"बसत नाही. दुकान उघडं टाकून आलोय," ते म्हणाले. "बसस्टँडजवळच्या स्टॉलवर मिळालं. परवाच आलंय म्हणे. चौथं पान वाचा."

आता या बाई कोण, हे आधी सांगायला हवं. कोर्टाच्या फाटकाबाहेर, पत्र्याच्या आडोशाखाली, अठ्ठावीस वर्षं त्यांनी लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप केली. 'मी सत्य प्रतिज्ञेवर सांगतो की' हे शब्द त्यांच्या बोटांतून इतक्या वेळा गेले, की कोणी 'खरं सांगू का' अशी सुरुवात केली तरी त्यांचे डोळे बारीक व्हायचे. नवरा गेला, टेबल सुटलं, पण ते डोळे तसेच राहिले. तेलाच्या बाटलीवर पेन्सिलीची खूण करायच्या. दूधवाल्याच्या मापात बोट घालून बघायच्या. मुलगा लग्नाआधी एकदा म्हणाला होता, "आई, तू माझ्याकडूनही पोच घेशील." बाई म्हणाल्या होत्या, "घेतलीच आहे, तुझ्या जन्माचा दाखला आहे माझ्याकडे."

अशा बाईनं जगात एकाच माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि ते माणूस पुस्तकातलं होतं. तारवाली. जुन्या काळातल्या एका तारघरात बसणारी, येणाऱ्या-जाणाऱ्या तारांतल्या चार-चार शब्दांवरून लबाड माणसं पकडणारी. तारवालीच्या नऊ गोष्टी एका लेखिकाबाईंनी लिहिल्या आणि मग त्यांचं लिहिणं थांबलं. वाचणारे तसेच राहिले. वाट बघून बघून शेवटी टायपिस्टबाईंनीच दहावी गोष्ट लिहायला घेतली. आधी स्वतःपुरती, मग मंडळातल्या अकरा जणांपुरती.

चोरून लिहिणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी लेखिकाबाईंना रीतसर पत्र टाकलं: आपली तारवाली घेऊन मी लिहिलं तर चालेल का? उत्तर आलं: चालेल. दोन अटी. एक पैही कमवायची नाही, आणि प्रत्येक गोष्टीची एक प्रत मला पाठवायची. बाईंनी ते पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं आणि त्या दिवसापासून त्या मंडळाच्या फौजदार झाल्या. मंडळातल्या एका मुलीनं तारवालीचं चित्र काढून कापडी पिशव्या केल्या आणि दोन ओळखीत विकल्या, तेव्हा बाईंनी सगळ्यांसमोर तिला उभं केलं. "दुसऱ्याच्या लेकीला बाजारात उभं करतेस का?" एवढंच म्हणाल्या. मुलगी पिशवी उचलून जी माळ्यावरून उतरली ती परत चढली नाही. बाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट तो सगळा प्रकार त्यांनी लेखिकाबाईंना पत्रानं कळवलाही.

आणि हातातलं पुस्तक सांगत होतं, 'तारवालीची दहावी गोष्ट'. वर लेखिकाबाईंचं नाव. खाली छापील किंमत.

"दोन तासांत वाचून काढलं," घड्याळजी म्हणाले. "शब्द न् शब्द आपल्या माळ्यावर वाचलेला. तुमचाच. चौथ्या पानावरचा विनोदही तोच, ज्याला मी एकटाच हसलो होतो."

"तुम्हाला काय म्हणायचंय?"

"मी काही म्हणत नाही, बाई. मंडळ म्हणतंय. तुम्ही लिहून दिलंत, त्यांनी नाव लावलं. किती मिळाले ते मी विचारणार नाही."

"विचारा की."

"नाही विचारत." त्यांनी मान फिरवली. "त्या पोरीनं दोन पिशव्या विकल्या तर तिला जिना दाखवलात. रविवारी सगळे येतायत. तोवर काय ते सांगा. नाहीतर गोष्टी वाचायला आम्ही दुसरं कोणी बघू."

ते गेले. दार लावायचं भान बाईंना राहिलं नाही. मंडळ म्हणजे काय, दर रविवारी अकरा माणसं माळ्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसतात आणि ही बाई वाचते. आठवड्याच्या बाकी सहा दिवसांत त्यांचं बोलणं ऐकून घेणारं घरात एकच माणूस होतं, आणि तेही बहुधा चादरीच्या दुसऱ्या टोकाला.

आतून सून म्हणाली, "आई, माझ्या काखेतून पाणी चाललंय."

बाईंनी चौथं पान उघडलं. तारवाली सकाळी तारघराच्या पायऱ्या चढते ते पान. आता यातली गोम अशी, की मूळच्या नऊ गोष्टींत या पायऱ्या किती ते कुठंच सांगितलेलं नाही. बाईंनी सांगितलं होतं, आणि प्रत्येकाला वेगळं. कोर्टाबाहेर एका वकिलानं त्यांना हे शिकवलं होतं: मसुदा पाच जणांना द्यायचा असेल तर पाचही प्रतींत एक क्षुल्लक आकडा बदलून ठेवावा, म्हणजे फुटला तर कोणाकडून फुटला ते कळतं. बाईंनी मंडळाच्या अकरा प्रतींत एकवीसपासून एकतीसपर्यंत पायऱ्या घातल्या होत्या. घड्याळजींच्या प्रतीत चोवीस. स्वतःच्या प्रतीत वीस. यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली.

छापील पुस्तकात तारवाली एकोणीस पायऱ्या चढत होती.

बाईंनी पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. एकोणीसच. यादीत एकोणीस कुठंच नव्हतं, तरीही त्या उठून कपाटाकडे गेल्या आणि यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली.

सून चादर कशीबशी दांडीवर टाकून आली. ती झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. बाईंच्या गोष्टी तिच्याच दुकानात छापून निघायच्या.

"तुमच्या दुकानात," बाई कपाटाच्या दाराआडून म्हणाल्या, "फाइल राहते ना गं मशीनमध्ये?"

सुनेनं केस बांधता बांधता हात थांबवला. "आलं का माझ्यावर?"

"विचारलं फक्त."

"आई, मी चोरली असती तर वीसची चोरली असती. ती घरात असते. एकवीस ते एकतीस तुम्ही शेजारी उभ्या राहून छापून घेतल्यात आणि उभ्या उभ्या पुसायला लावल्यात. मालक अजून विचारतो, तुझ्या सासूबाई बँकेतून आल्या होत्या का." तिनं पुस्तक हातात घेतलं. "किती आहेत यात?"

"एकोणीस."

"एकोणीस कोणाची?"

बाईंनी कपाट लावलं. "यादीत नाही लिहिली. लाज वाटली लिहायला."

सुनेला कळायला थोडा वेळ लागला. मग ती पलंगावर बसलीच. "लेखिकाबाईंना पाठवलेली? तुम्ही त्यांच्यावरही पाळत ठेवलीत?"

"सवय गं. आकडा घातला आणि तिथल्या तिथं देवाची माफी मागितली."

"देवालाही एक प्रत वेगळ्या आकड्याची दिली असेल."

बाईंना हसू आलं नाही. त्यांच्या डोक्यात एव्हाना माणसांची रांग लागली होती. पहिला पोस्टमन. पाकीट वाटेत कोणी फोडलं असेल. पण मग ते लेखिकाबाईंच्या नावानं कसं छापेल? दुसरा पुतण्या. लेखिकाबाई एका पुतण्याजवळ राहायच्या, आणि गेल्या सात वर्षांतली पत्रं त्याच्याच अक्षरातली होती, खाली फक्त सही. सहीसुद्धा हल्ली जरा जास्तच सरळ येत होती. बाईंनी सगळी पत्रं पलंगावर मांडली आणि सह्या एकीखाली एक धरून बघितल्या. पुतण्याच तो. म्हातारीला अंधारात ठेवून परस्पर विकली असणार. असं ठरल्यावर त्यांना बरंही वाटलं, कारण तिसऱ्या माणसाचं नाव मनात यायचं वाचलं.

फोन लावला. पुतण्यानं उचलला. "काकू झोपल्यात, मावशी." दुपारी लावला. "आत्ताच अंघोळीला गेल्यात." दुसऱ्या दिवशी लावला तेव्हा मागे रेडिओ चालू होता आणि तो एकदम बारीक झाला. "डॉक्टरकडे निघालोय, नंतर करतो."

"रेडिओ ऐकत डॉक्टरकडे निघाले," बाई सुनेला म्हणाल्या.

"आई, निघताना रेडिओ बंदच करतात."

"बंद नाही केला. बारीक केला."

बुधवारी सकाळी कोणाला न कळवता त्या बसमध्ये बसल्या. पिशवीत पाण्याची बाटली, ते पुस्तक आणि प्लॅस्टिकमधलं पहिलं पत्र. लेखिकाबाईंचं घर दोन तासांवर, तिसऱ्या मजल्यावर. बाई पायऱ्या मोजत चढल्या आणि आपण मोजतोय हे लक्षात आल्यावर स्वतःवरच चिडल्या.

पुतण्यानं दार उघडलं. पन्नाशीचा, हातांना साबणाचा फेस, खांद्यावर टॉवेल. बाईंची नजर त्याच्या खांद्यावरून आत गेली. बाहेरच्या खोलीत कोरा करकरीत सोफा, अजून प्लॅस्टिकही काढलेलं नाही. बाईंनी मनातल्या मनात त्याच्यावर खटला भरला, साक्षी झाल्या, निकालही लागला.

"काकूंना न्हाऊ घालत होतो. बसा ना, मावशी. त्या सोफ्यावर नको, तो शेजारच्यांचा. त्यांच्याकडे रंग चाललाय म्हणून इथं आणून ठेवलाय. आम्हाला जागाच उरली नाही."

बाई लोखंडी खुर्चीवर बसल्या. निकाल परत घ्यावा लागला, पण खटला त्यांनी चालूच ठेवला.

लेखिकाबाई भिंतीला हात लावत बाहेर आल्या. पांढरे ओले केस पाठीवर, अंगानं अगदी चिमणीएवढ्या. डोळे होते, पण समोरच्या माणसाच्या जरा बाजूला बघत होते. बाईंनी त्यांना यापूर्वी फक्त पुस्तकाच्या मागच्या फोटोत पाहिलं होतं.

"टायपिस्ट ना तू?" त्या म्हणाल्या. "पत्रांवरून मला वाटायचं, उंच असशील."

"ताई, एक विचारायला आले." बाईंनी वाटेत वीस वाक्यं तयार केली होती. आली ती एकच. "तारघराच्या पायऱ्या किती?"

"मी कुठं मोजल्या कधी? तू मोजल्यास. एकोणीस."

पुतण्या टॉवेलची घडी घालत राहिला, उलगडून पुन्हा घालत राहिला.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या.

"मीच दिली. याला मध्ये घेऊ नकोस, हा नको नको म्हणत होता. म्हणूनच तुझे फोन आले की याची तारांबळ उडते. खोटं बोलताही येत नाही धड." लेखिकाबाई चाचपत बाजेवर बसल्या. "सात वर्षं झाली, माणसं सावलीसारखी दिसतात, कागद दिसत नाही. सांगून लिहून घ्यावं तर तारवाली बोलत नाही माझ्याशी. प्रकाशक दर वर्षी माणूस पाठवतो, दहावी कधी, दहावी कधी. मग तुझी आली. यानं वाचून दाखवली. मी ऐकत होते आणि मला वाटलं, अगं, ही जिवंत आहे."

"मग मला विचारायचं."

"तू नाही म्हणाली असतीस. तुला तुझं सोवळं फार प्यारं. त्या पिशव्यावाल्या पोरीला हाकललंस ते किती ऐटीत कळवलं होतंस. मला त्या पिशव्या हात लावून बघायच्या होत्या. माझ्या तारवालीला कोणीतरी खांद्याला लावून भाजी आणायला नेतंय. किती बरं वाटलं असतं."

बाईंचा चेहरा उतरला, पण डोळे बारीकच होते. ही आपल्याला गोड बोलून गुंडाळतेय का, हा हिशेब आत चालूच होता. "अट तुमचीच होती, ताई," त्यांनी पत्र पिशवीतून काढलं. "एक पैही कमवायची नाही. हे बघा."

"मला कुठं दिसतंय?" म्हातारी म्हणाली. "लिहिलं होतं खरं. तेव्हा वाटायचं, ती माझी एकटीची आहे. आता तूच सांग. माणसं माझी, वाक्यं तुझी. पुस्तक कोणाचं?"

कोर्टाबाहेर अठ्ठावीस वर्षं बसलेल्या बाईंनी पत्र पुन्हा प्लॅस्टिकमध्ये सारलं. जमिनीचे वाद त्यांनी टाइप केले होते, भिंतींचे, विहिरींचे, एका म्हशीचासुद्धा. असं काही त्यांच्या मशीनवर कधी आलं नव्हतं. दुसऱ्याच्या अंगणात आपण झाड लावलं, फळं अंगणवाल्यानं तोडली, आणि आता आपण चोर म्हणायला आलो. बरं, चोर म्हणावं तर आपणही अंगणात विचारूनच शिरलो होतो, विकत घेतलं नव्हतं.

"मंडळात माझं तोंड काळं झालं," त्या शेवटी म्हणाल्या. "सगळे म्हणतात, मी विकली. रविवारी मला खाली उतरवतील. पुस्तक कोणाचं का असेना, मी शब्द मोडला नाही, एवढं मला पाहिजे."

"मी तोंडानं सांगते ना त्यांना. हा फोन लावून देईल."

"तोंडाचं काही खरं नसतं, ताई. कागद पाहिजे."

लेखिकाबाई पहिल्यांदाच हसल्या. "बरं. आणि पैसे? निम्मे तुझे. हा कधीपासून म्हणतोय पाठवून देऊ, मीच भीत होते. पाठवले तर तुला कळणार."

बाईंनी लगेच हो म्हटलं नाही. निम्मे घेतले तर घड्याळजी म्हणतात तेच खरं ठरतं. नाही घेतले तर म्हातारी पुढची गोष्टही अशीच छापणार, आणि आपण सोवळ्यात बसून राहणार. शिवाय हे निम्मे आता आठवले की आपण आल्यावर आठवले? त्यांनी पुतण्याकडे बघितलं. तो घडी घातलेला टॉवेल पोटाशी धरून उभा होता. त्याचा चेहरा वाचायचा त्यांनी बराच प्रयत्न केला. दमलेला होता, एवढंच कळलं.

"पैशाचं कागदात येईल," त्या म्हणाल्या. "पुढच्या छपाईत कव्हरवर दोन ओळी. तारवाली तुमची, गोष्ट माझी. आणि एक कलम. जो कोणी तारवालीवर काही करून विकेल, त्यानं आधी विचारायचं, तुमचा वाटा द्यायचा आणि उजेडात विकायचं. मग पिशवी असो नाहीतर पुस्तक."

"आणि मी?"

"तुम्हीही विचारायचं, ताई. वाक्यं माझी असतील तर."

म्हातारीनं होकाराची मान डोलावली. "वाचून कोण दाखवणार मला तो कागद? हा?"

"हे नाही," बाई म्हणाल्या. "राग मानू नका," हे पुतण्याला. "तुम्ही त्यांच्या बाजूचे आहात. वाचायला मी तिसरा माणूस आणीन."

गुरुवारी सकाळी त्या घड्याळजींच्या दुकानात गेल्या. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एका बायकी घड्याळाचं पोट उघडून बसले होते. त्यांनी वर न बघता सगळं ऐकलं. पायऱ्यांची गोष्ट आली तेव्हा मात्र भिंग डोळ्यावरून गळून टेबलावर पडलं.

"माझ्या प्रतीत किती?"

"चोवीस."

"म्हणजे एवढी वर्षं तुम्ही मला चोवीस नंबरचा चोर धरून चाललात."

"चोवीस नंबरचा वाचक," बाई म्हणाल्या. "चोर ठरला असतात तर पुढचं."

घड्याळजींनी चिमट्यानं एक स्क्रू इकडून तिकडे ढकलला. "आणि पैसे घेणार?"

"घेणार. सगळ्यांना सांगून घेणार."

"अवघड आहे, बाई. काही जण उठून जातील. मीही अजून ठरवलं नाही."

"ठरवू नका. आधी माझ्याबरोबर चला आणि तो कागद त्यांना वाचून दाखवा. तुमचा माझ्यावर विश्वास नाही, म्हणून तर तुम्हीच पाहिजे."

हे त्यांना पटलं. निदान नाही म्हणाले नाहीत. टेबलावरचा फोन त्यांनी बाईंकडे सरकवला. "मग त्या पोरीलाही सांगा. नंबर आहे माझ्याकडे."

बाईंनी नंबर फिरवला. पिशव्यावालीनं ऐकून घेतलं. बाईंनी चुकलं म्हटलं, सगळ्यांसमोर पुन्हा म्हणेन असंही म्हटलं. पलीकडून शिवणयंत्राचा आवाज येत होता, तो थांबला नाही. "बरं झालं सांगितलंत," मुलगी म्हणाली. "पण मी आता तारवाली नाही काढत, काकू. माझी स्वतःचीच एक बाई काढते. तिच्यासाठी कोणाला विचारावं लागत नाही." आणि तिनं फोन ठेवला.

"काय म्हणाली?" घड्याळजींनी विचारलं.

"आपल्यापेक्षा शहाणी आहे म्हणाली," बाई म्हणाल्या. घड्याळजींना ते खरं वाटलं नाही, पण त्यांनी ताणलं नाही.

घरी येऊन त्यांनी मसुदा टाइप केला. सुनेनं वाचला आणि म्हणाली, "आई, सातव्या कलमात 'प्रामाणिकपणे' हा शब्द तीनदा आलाय."

"एकदा लिहून कोणी ऐकतं का?" बाई म्हणाल्या, आणि एक खोडला.

मसुदा तयार होता, साक्षीदार ठरला होता, शनिवारची बस ठरली होती. कागद तेवढा राहिला होता. शुक्रवारी सकाळी दहाला कोर्टाच्या फाटकाबाहेरच्या स्टॅम्पवाल्याकडे जाऊन दोन स्टॅम्पपेपर आणायचे होते. एक लेखिकाबाईंकडे राहणार, एक आपल्याकडे, आणि या वेळी दोन्हींत शब्द न् शब्द सारखा.